कंपनीची तब्येत

आमच्या सरांनी कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून कधी वाचला नाही. ते शेवटून सुरू करत. आधी मागच्या बारीक अक्षरातल्या टिपा, मग रोख पैशाचं पत्रक, मग ताळेबंद, मग नफा-तोटा. पुढचं अध्यक्षांचं मनोगत आणि त्यांचा हसरा फोटो येईपर्यंत सरांचं मत पक्कं झालेलं असे. मग ती पुढची पानं ते फाडून शेजारच्या पोट्ट्यांना वह्यांना कव्हर घालायला देत. कागद गुळगुळीत आणि जाड, पोट्टे खूश. भंडाऱ्यातल्या त्या गल्लीत बऱ्याच वह्यांवरून कुठल्या ना कुठल्या कंपनीचे अध्यक्ष हसत असत.

सर मूळचे दिघोरीचे, धानाची शेती असलेल्या घरातले. भंडाऱ्याच्या कॉलेजात त्यांनी वाणिज्य शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी. पुस्तक वाचताना ते छापल्यासारखं बोलत आणि समजावून सांगताना घरचं बोलत. "येणी म्हणजे उद्योगाला ग्राहकांकडून प्राप्त व्हावयाची रक्कम," असं वाचून ते पुस्तक मिटत. "म्हणजे माल गेला, पैसा आला नाही. आता तो येते का नाही, हे त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून सांगता येते. पण पुस्तकात तोंड छापत नाहीत."

पेपर ते कडक तपासत. त्यांच्या हातून पास होणं अवघड होतं आणि निवृत्तीनंतर त्यांनी कंपन्यांनाही तोच नियम लावला. त्यांनी बऱ्याच कंपन्यांचा एकेक शेअर घेऊन ठेवला होता, दुसरा कधी घेतला नाही. अहवाल घरी येण्यापुरती मालकी त्यांना पुरत होती. "यांच्या लेखी सगळ्याच नापास," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या. "एक कंपनी यांनी नापास केली अन् ती आजही जोरात चालून राहिली. तिचंच साबण वापरते मी."

"साबण चांगलं आहे," सर म्हणत. "कर्ज जास्त आहे."

कोरोनानंतर भागधारकांच्या सभा मोबाईलवर भरू लागल्या. सरांना हे फार सोयीचं झालं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खाली घरचा पायजमा तसाच ठेवून, टेबलाशी बसत. एकदा मी तिथे असताना त्यांचा नंबर लागला. समोर मुंबईत कुठल्या तरी मोठ्या कंपनीचे अध्यक्ष. सरांनी हिंदीत विचारलं, की आपण यंदा जे गोदाम विकलं ते कोणी विकत घेतलं? अध्यक्षांनी हा अतिशय चांगला प्रश्न असल्याचं सांगितलं, भंडाऱ्याहून सभेला आल्याबद्दल आभार मानले आणि पुढच्या भागधारकाला बोलावलं. सरांनी मोबाईल बंद केला.

"प्रश्न चांगला आहे म्हणते," ते म्हणाले. "म्हणजे उत्तर वाईट आहे."

त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. मुलाकडचे लोक तुमसरचे, कापडाचं दुकान. ते पाहुणे म्हणून बसले, पोहे खाल्ले, मुलीला दोन प्रश्न विचारले. मग सर मुलाच्या वडलांना म्हणाले, "दुकानात माल किती दिवस पडून राहते?" पाहुण्यांना वाटलं, थट्टा आहे. सर वाट पाहत राहिले. मग मुलाच्या वडलांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर त्यांना थांबता येईना. जुना माल किती, उधारी कोणाकडे, भावाच्या वाट्याचं काय, सगळं त्यांनी सांगितलं. काकू आत डोकं धरून बसल्या होत्या. जाताना ते गृहस्थ दाराशी थांबून सरांना म्हणाले, "इतक्या वर्षांत मले हे कोणी विचारलंच नव्हतं." लग्न झालं. व्याही दिवाळीला भेटायला येत, तेव्हा न विचारता उधारीचं सांगत.

अशा माणसाला मी आमच्या घरच्या कामात ओढलं.

मोहाडीजवळ आमची राईस मिल होती. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, दोघांची निम्मी-निम्मी. मोठेबाबा शेतकरी, अडते, ट्रान्सपोर्टवाले सांभाळत. बाबा मशीन सांभाळत. कॉलेज झाल्यावर हिशेब माझ्याकडे आला. मोठेबाबा जे ठरवत ते बाबा मान्य करत आणि घर सुरळीत चालत होतं.

मग शेअर बाजारात नाव असलेली एक बाहेरची कंपनी आली. पिशवीबंद तांदूळ विकणारी, टीव्हीवर जाहिरात असलेली. तिला या भागातल्या गिरण्या हव्या होत्या. आमची मिल ती विकत घ्यायला तयार होती आणि मोठेबाबांना तिचा इथला कारभार बघायला ठेवणार होती. किंमत आम्ही स्वप्नातही मागितली नसती एवढी. फक्त त्यातला थोडा भाग रोख आणि बाकी सगळा त्या कंपनीच्या शेअरमध्ये, जे पहिलं वर्षभर विकता येणार नव्हते.

मोठेबाबांनी त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना रसगुल्ले वाटले. "कंपनीवाले आता महिनाभर आपले कागद तपासतील," ते म्हणाले.

"अन् त्यांचे कागद कोण तपासेल?" मी विचारलं.

"त्यांचे कायले? ते टीव्हीवर येतात."

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या त्या सरांना विचारून पाय ना एकदा."

सरांनी फी घेतली नाही. अट एकच घातली. ज्याचा ताळेबंद वाचायचा त्याच्या घरचा चहा प्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो दोन्ही पक्षांना लागू होता. ते मिलमध्ये आले की स्वतःचा थर्मास घेऊन येत. मोठेबाबांना हा अपमान वाटला. आमच्याकडे चहा न घेता गेलेला माणूस तोवर कोणी पाहिला नव्हता.

सरांनी कंपनीचे मागच्या काही वर्षांचे अहवाल वाचले, अर्थातच मागून. मी गेले तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"नफा दरसाल वाढून राहिला," ते म्हणाले. "चांगली गोष्ट आहे. पण धंद्यातून आलेला रोख पैसा जागच्या जागी आहे. मंग नफा गेला कुठे?"

"येणी वाढली असतील."

"हाव. विक्री वाढली त्याच्याहून जोरात येणी वाढली. माल दिला, पैसा आला नाही, पण नफा लिहून घेतला. अन् सगळ्यात जास्त येणं ज्या कंपनीकडे आहे, ती अध्यक्षाच्या साडूची आहे. मागच्या टिपेत लिहिलं आहे त्यांनी. लपवलं नाही बिचाऱ्यांनी, फक्त बारीक लिहिलं."

मी वाचलं. खरंच बारीक होतं.

"मालकांनी आपले बहुतेक शेअर गहाण ठेवले आहेत. अन् जुना ऑडिटर अर्ध्या वर्षात सोडून गेला. कामाचा व्याप वाढल्यामुळे, असं लिहिलं आहे." सरांनी चष्मा काढला. "व्याप वाढला म्हणून मोठं गिऱ्हाईक सोडणारा माणूस मी पाहिला नाही. तू पाहिला?"

मी नाही म्हणाले.

"पण कागदावरून माणसाले फाशी देता येत नाही. चाल, पाहून येऊ."

कंपनीने शेजारच्या जिल्ह्यात एक गिरणी आधीच घेतली होती. आम्ही बसने गेलो. सर गेटवर गेले नाहीत. ट्रक उभे राहतात त्या ढाब्यावर जाऊन बसले आणि स्वतःच्या पैशाने चहा मागवला. शेजारी छत्तीसगडचा एक ड्रायव्हर खाटेवर पडला होता. सरांनी त्याला गाव विचारलं, धान कसा झाला ते विचारलं, आणि मग सहज विचारलं, "भाडा टाइम पे मिलता है?"

ड्रायव्हर उठून बसला. "अरे गुरुजी, पूछो मत. पहले महीने में मिलता था. अब सेठ बोलता है, माल उतारो, पैसा बाद में देखेंगे. हमारा मालिक तो अगले फेरे से गाड़ी बंद कर रहा है."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता. "टीव्हीवर जाहिरात द्यायले पैसे आहेत," ते एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा एक तरुण अधिकारी लॅपटॉप घेऊन मिलमध्ये आला. सभ्य मुलगा होता. मोठेबाबांनी काजू, बदाम, समोसे मांडले. सर थर्मास मांडून बसले. मुलाने पडद्यावर रंगीत खांब दाखवले, प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा उंच. मग तो इबिटडाबद्दल बोलला.

"म्हणजे व्याज, कर अन् घसारा धरायच्या आधीचा नफा," सर म्हणाले.

"बरोबर, सर."

"म्हणजे किराणा, घरभाडं अन् पोरांची फी सोडली तर माझी पेन्शन लय आहे."

मुलगा हसला. मोठेबाबा हसले नाहीत. सरांनी मग साडूच्या कंपनीकडून पैसे कधी येणार, असं विचारलं. मुलगा म्हणाला, ते वरच्या पातळीवर हाताळलं जात आहे. मग त्याने सांगितलं, की शेअरचा भाव गेल्या वर्षात दुप्पट झाला आहे.

"भाव बाजार सांगते," सर म्हणाले. "मी तब्येत पाहून राहिलो."

जाताना मुलाने सरांना नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "सर, तुम्ही कुठे शिकवता?" नंतर कळलं, की काही महिन्यांत त्याने ती नोकरी सोडली. कामाचा व्याप वाढल्यामुळे असेल.

मुलगा गेल्यावर आम्ही घरचे आणि सर एवढेच उरलो. सर म्हणाले, "मिल विकायची असेल तर विका. त्यात चूक नाही. पण शेअर घेऊ नका. पूर्ण रोख मागा. कमी देतील, तरी रोखच घ्या."

मोठेबाबांचा चेहरा लाल झाला होता. "सर, तुम्ही जन्मात कधी धंदा केला का?"

"नाही."

"रुपया लावला कुठे?"

"एकेक शेअर आहे."

"मंग आमाले कायले शिकवता? मी वीस लोकांचा पगार काढतो. एवढी मोठी कंपनी, सरकारचा कायदा आहे तिच्यावर, ऑडिटर आहेत, बँका आहेत. सगळे येडे अन् तुम्ही एकटे शहाणे?"

"असं होऊ शकते," सर शांतपणे म्हणाले. "नेहमी होत नाही."

ते थर्मास घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावाला नाही म्हटलं. कंपनीला दोन्ही चालत होतं. बाबांनी आपल्या निम्म्या वाट्याची रोख रक्कम घेतली, बरीच कमी. मोठेबाबांनी शेअर घेतले. सह्या करताना दोघे शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "माझ्यावर भरवसा नव्हता, हे तू लिहून दिलं." त्यानंतर ते बाबांशी बोलले नाहीत.

आणि शेअर चढला.

तो असा चढला, की मोहाडीच्या आठवडी बाजारात भाजी घेताना लोक मोठेबाबांना भाव विचारू लागले, आणि भाव भाजीचा नसे. बाबांनी आपल्या पैशातून एक लहान पोहा मिल टाकली होती. तिची मशीन सारखी बंद पडे. नात्यातल्या एका लग्नात मोठेबाबा बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भिणाऱ्याचं असंच होते." बाबा जेवण अर्धं टाकून घरी आले.

मोठेबाबांनी सरांच्या घरी पेढ्यांचा मोठा डबा पाठवला. मी त्या दिवशी तिथेच होते. खरं तर थोडी भांडायलाच गेले होते. सरांनी डबा उघडला, एक पेढा खाल्ला, काकूंना एक दिला.

"पेढा चांगला आहे," ते म्हणाले. "कंपनीबद्दल माझं मत तेच आहे."

"सर, पण भाव दुप्पट झाला. तुमचं ऐकून बाबांचं नुकसान झालं."

"झालं ना," सर म्हणाले. "भावाबद्दल मी चुकलो. तुझ्या बाबाले सांग, माझ्यामुळे झालं." मग म्हणाले, "साडूनं अजून पैसे दिले नाहीत. नवा अहवाल आला. आता ते येणं आणखी मोठं आहे."

बाबांना मी निरोप सांगितला. बाबा म्हणाले, "सही माझी होती." आणि पाना घेऊन मशीनखाली गेले.

वर्ष उलटलं, मोठेबाबांचे शेअर विकायला मोकळे झाले. त्याच सुमारास भाव थोडा खाली आला. फार नाही. त्या उन्हाळ्यात भर दुपारी मोठेबाबा स्कूटरवर सरांच्या दारात उभे राहिले. हे मला काकूंनी सांगितलं. ते बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "तुम्हाले विचारायला आलो नाही. इकडून जाऊन राहिलो होतो."

सर म्हणाले, "आज विका."

"भाव पुन्हा तिथे गेला की विकीन. तिथून उतरलेला भाव कसा घेऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांले भाव माहीत आहे. तुमाले तब्येत माहीत आहे."

मोठेबाबा स्कूटर वळवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मोठेबाबांच्या ओसरीवर येऊन बसले. भंडाऱ्याहून मोहाडीची पहिली बस धरून आले होते. मोठीआईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, चहा आणला, त्यांनी नाही म्हटलं. मोठेबाबा अंघोळ करून बाहेर आले.

"विकले?" सरांनी विचारलं.

"नाही."

सर उठले आणि परतीच्या बसला गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. कंडक्टर त्यांना तिकीट न विचारता देऊ लागला. सर ओसरीवर बसत, पेपर वाचत, मोठेबाबा दिसले की "विकले?" विचारत आणि "नाही" ऐकून उठत. रागावत नसत, समजावत नसत. एकदा मोठेबाबा मागच्या दाराने शेतात निघून गेले. सर बांधावर जाऊन विचारून आले. एकदा त्यांना ताप होता. त्या दिवशी त्यांनी फोन केला. मोठीआई म्हणायची, घरी पाहुणा येणार असला की आम्हाला लाज वाटायची. पाहुण्याला काय सांगायचं, हे गुरुजी रोज इथे कायले येतात?

मी सरांना म्हटलं, "त्यांनी तुमचा एवढा अपमान केला. तुम्ही काहून जाता?"

"अपमान आहेच," सर म्हणाले. "पण आजार दिसला अन् घरी बसलो, तर मी काय केलं?"

शेवटी एका सकाळी मोठेबाबांनी ओसरीवरच मोबाईल काढला, नागपूरच्या दलालाला फोन लावला आणि सरांकडे पाहत ओरडले, "अर्धे विका! हाव, अर्धे! आजच! माझ्या ओसरीवरून माणूस उठत नाही!"

सर म्हणाले, "अन् बाकीचे?"

"बाकीचे माझे आहेत. आता या."

सर उठले. मग बसकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, आणि मोठीआई सांगते, मोठेबाबा बराच वेळ ओसरीवर उगाच बसून होते.

पुढचं पेपरात आलं. कंपनीने निकाल लांबवले. नवा ऑडिटरही गेला. बँकांनी गहाण शेअर विकायला काढले तेव्हा घ्यायला कोणी नव्हतं. मग शेअरचे व्यवहारच थांबले. आमच्या जुन्या मिलच्या फाटकावर बँकेची नोटीस लागली आणि धान वाळवायच्या अंगणात गवत वाढलं. मोठेबाबांकडे उरलेल्या अर्ध्या शेअरचा कागदसुद्धा नव्हता रद्दीत द्यायला. सगळं मोबाईलवर होतं. पण जे अर्धे विकले होते, त्यांच्यावर त्यांचं म्हातारपण नीट चाललं, धाकट्या मुलीचं लग्न झालं. सरांचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. सरांनीही या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. आपलं मत खरं ठरल्याचं त्यांना काही वाटत असलंच, तर ते त्यांनी कोणाला दिसू दिलं नाही.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी पेपर वाचता वाचता. कारध्याच्या घाटावर खूप माणसं आली, बहुतेक जुने विद्यार्थी. आमच्याकडे घाटावरच चार शब्द बोलायची पद्धत आहे. प्राचार्य बोलले, नगरसेवक बोलले, तुमसरचे व्याही बोलले आणि त्यांना मध्येच थांबावं लागलं.

मग गर्दीतून मोठेबाबा पुढे आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते कधी चार माणसांत बोलले नव्हते. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"या माणसानं," ते म्हणाले, "मले अर्धेच विकायले लावले."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"रोज यायचे. मी हाकललं तरी यायचे. मी अर्धे विकले अन् म्हटलं, आता या. तर खरंच नाही आले." ते चितेकडे वळले. "यायचं होतं ना अजून. मी काय, शिव्या दिल्या असत्या. दारच लावून घेतलं असतं. पण यायचं होतं."

एवढं बोलून ते थांबले. पण तिथून हलले नाहीत. वैनगंगेवरून वारा येत होता, चितेचा धूर त्यांच्या अंगावर जात होता आणि ते तसेच उभे. कोणाला त्यांना बाजूला घ्यायचं धाडस होईना. शेवटी बाबा गेले. त्यांनी भावाच्या दंडाला धरलं आणि आमच्या गाडीपर्यंत आणलं.

मी गाडी चालवत होते. दोघे मागे बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पूल ओलांडला, भंडारा मागे पडलं, मोहाडीचा रस्ता लागला. रस्त्याचं काम चालू होतं, बाबांच्या बाजूने धूळ आत येत होती.

"काच वर कर," मोठेबाबा म्हणाले. "धूळ येऊन राहिली."

बाबांनी काच वर केली.